तुरुंगात गेलो लाखांनी, पुस्तके मात्र बोटांवर मोजण्याइतकी



चिंचपोकळी स्टेशनच्या पश्चिमेला उतरून सात रस्त्याच्या दिशेने चालू लागले की थोड्याच वेळात एक उंच भिंत सुरू होते. हे मुंबई मध्यवर्ती कारागृह, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला आर्थर रोड जेल. ते १९२६ साली बांधले गेले. इंग्रज गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर यांच्या नावाचा तो रस्ता आज साने गुरुजी मार्ग आहे, आणि जवळच्या सात रस्त्याच्या चौकाला संत गाडगे महाराजांचे नाव आहे. ज्या गुरुजींनी आपले सर्वांत गाजलेले पुस्तक तुरुंगात लिहिले, त्यांच्या नावाच्या रस्त्यावर आज तुरुंग आहे. त्याच्या दाराबाहेर मुलाखतीसाठी रांगेत उभ्या असलेल्या आया-बहिणींची नावे मात्र कोणत्याही पुस्तकात नाहीत.

आम्ही काही कार्यकर्ते गेल्या काही वर्षांपासून तुरुंगात लिहिलेली, तुरुंगावर लिहिलेली आणि तुरुंग भोगलेल्यांनी लिहिलेली मराठी पुस्तके जमवत आहोत. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला लागणारे स्टॉल, फोर्टातले फुटपाथ, दादरची जुनी ग्रंथालये, कार्यकर्त्यांच्या घरातल्या पत्र्याच्या पेट्या, जिथे मिळेल तिथून. पुस्तके साठत गेली तसा एक प्रश्न समोर उभा राहिला. तो वाचकांपुढे ठेवण्यासाठी हा लेख आहे. आमची माणसे गेल्या शंभर वर्षांत लाखांच्या संख्येने तुरुंगात गेली. मग मराठीच्या तुरुंगसाहित्याच्या फळीवर ती दिसत का नाहीत?

आधी ती फळी कोणती ते पाहू. मराठीत 'तुरुंगातले पुस्तक' म्हटले की चार नावे लगेच येतात. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहिले, ते १९१५ मध्ये छापून आले. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी टिपून घेतली, ती 'गीता प्रवचने'. त्याच साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाचेक दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढले. आणि सावरकरांचे 'माझी जन्मठेप' १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. ही पुस्तके शाळेत नेमली गेली, त्यांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, त्यांवर सिनेमे निघाले. यांतली दोन गीतेवरची आहेत, हेही ध्यानात ठेवा. ज्या ग्रंथातल्या चातुर्वर्ण्याच्या समर्थनावर बाबासाहेबांनी कठोर टीका केली, त्या ग्रंथाची मराठीतली दोन मोठी विवरणे तुरुंगात तयार झाली.

ही माणसे खोटी होती किंवा त्यांनी तुरुंग भोगला नाही, असे आम्ही म्हणत नाही. साने गुरुजींबद्दल तर आमच्या मनात आदर आहे. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावले होते. त्यांनी सुरू केलेल्या 'साधना' साप्ताहिकातच १५ ऑगस्ट १९७२ च्या अंकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख छापून आला आणि महाराष्ट्र हादरला. आमचा प्रश्न त्या माणसांवर नाही, व्यवस्थेवर आहे. तुरुंगात पुस्तक लिहायला काय काय लागते?

पहिली गोष्ट, अक्षर. दुसरी, कागद आणि पेन्सिल. तिसरी, अंगमेहनतीच्या सक्तमजुरीतून सुटलेला वेळ. चौथी, बाहेर आल्यावर हस्तलिखित छापणारा प्रकाशक आणि ते विकत घेणारा वाचक. टिळकांना मंडालेत ग्रंथ मागवता आले, पेन्सिलीने लिहिता आले आणि सुटकेनंतर वह्या परत मिळाल्या. १९३० साली इंग्रज सरकारने कैद्यांचे अ, ब आणि क असे वर्ग पाडले. ते पाडताना गुन्ह्याइतकाच विचार झाला तो कैद्याच्या सामाजिक दर्जाचा, शिक्षणाचा आणि राहणीमानाचा. बाहेर जो वरचा तो आतही वरचा! वरच्या वर्गाला पुस्तके, पत्रे आणि जरा बरे अन्न, तर क वर्गाला दळण, दोरखंड आणि खडी. ज्याच्या बापाला गावच्या शाळेच्या उंबरठ्याबाहेर बसवले होते, तो सत्याग्रहात पकडला गेला तर कोणत्या वर्गात जाणार, हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. जातीने आधी त्याच्या हातातली पाटी काढून घेतली. मग तुरुंगाने त्याला पाटी नाही म्हणून क वर्गात टाकले. आणि शेवटी साहित्याच्या इतिहासाने विचारले, 'तुमचे पुस्तक कुठे आहे?'

आता नाशिककडे वळू, कारण तिथे ही गोष्ट उघड दिसते. 'श्यामची आई' लिहिली जात होती त्या १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिक शहरात काळाराम मंदिर सत्याग्रह अजून संपलेला नव्हता. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला तो लढा दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे चालवला. दगड खाल्ले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. बायकाही गेल्या. एकाच शहरात एका कैद्याने आईच्या आठवणी लिहिल्या आणि त्या घरोघर पोहोचल्या. त्याच शहरात दुसऱ्या कैद्यांच्या आयांनी स्वतः तुरुंग पाहिला, पण त्यांच्या आठवणी त्यांच्याबरोबरच गेल्या. आम्ही 'श्यामची आई' फळीवरून काढा असे म्हणत नाही. तिच्या शेजारी एक मोकळी जागा ठेवा, म्हणजे निदान काय हरवले आहे ते दिसेल, एवढेच म्हणतो.

आपल्या चळवळीचा तुरुंगाशी असलेला संबंध काळारामपासूनही सुरू होत नाही. १९२५ साली सत्यशोधक दिनकरराव जवळकर यांचे 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक निघाले. टिळक-चिपळूणकरांवर त्यात जहाल टीका होती. बदनामीचा खटला झाला आणि जवळकर, केशवराव जेधे, केशवराव बागडे आदींना खालच्या कोर्टाने शिक्षा ठोठावल्या. त्या शिक्षेविरुद्धचे अपील १९२६ मध्ये कोणी चालवले? बॅरिस्टर भीमराव रामजी आंबेडकर यांनी. आणि आरोपी निर्दोष सुटले. पुस्तक लिहिले म्हणून माणसाला तुरुंगात टाकू नका, हा युक्तिवाद बाबासाहेब आपल्या वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांतच करत होते. आमच्या संग्रहात पहिले पुस्तक कोणते असावे यावर आमच्यात बराच वाद झाला. शेवटी मान 'देशाचे दुश्मन'ला मिळाला, कारण त्या एका पुस्तकात लेखक, कैद आणि बाबासाहेब तिघे एकत्र येतात.

पुढे १९४६. मंत्रिमंडळ योजनेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र राजकीय अस्तित्वाला जागाच ठेवली नाही, म्हणून शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनने पुणे आणि नागपुरात विधिमंडळासमोर सत्याग्रह केला. तुकड्यांमागून तुकड्या तुरुंगात गेल्या. पुण्यातले सत्याग्रही येरवड्याला गेले, त्याच येरवड्याला जिथे १९३२ साली आपल्या हक्कांच्या बदल्यात पुणे करार झाला होता. या सत्याग्रहात नाशिकच्या शांताबाई दाणी होत्या. त्यांचे 'रात्रंदिन आम्हा' हे आत्मकथन भावना भार्गवे यांनी शब्दांकित केले आणि ते १९९० मध्ये आले. शांताबाई शिकलेल्या होत्या, पुढे आमदार झाल्या, म्हणून त्यांचा तुरुंग कागदावर उतरला. त्यांच्या मागेपुढे चालणाऱ्या कित्येक बायकांचा उतरला नाही. ती उणीव काही अंशी भरून काढली ती उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या १९८९ च्या पुस्तकाने. दोघी घरोघर गेल्या, म्हाताऱ्या कार्यकर्त्या बायकांशी बोलल्या आणि त्यांच्या तोंडची साक्ष लिहून काढली. तिला लिहिता येत नसेल तर आपण लिहून घ्यायचे. संग्रह कसा करायचा याचा धडा आम्ही तिथून घेतला.

आणि मग १९६४. ६ डिसेंबर १९६४, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनापासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाचा भूमिहीनांचा सत्याग्रह देशभर सुरू झाला. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतन कायदा लागू करा, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, अशा मागण्या होत्या. दोन-अडीच महिन्यांत तीन लाखांहून अधिक लोक तुरुंगात गेले असे चळवळीचा इतिहास सांगतो. तीन लाख! एवढी माणसे एका मागणीसाठी तुरुंगात गेल्याची उदाहरणे स्वतंत्र भारतात फार थोडी आहेत. तुरुंग अपुरे पडले. आता या तीन लाख माणसांच्या तुरुंगातल्या आठवणींची किती पुस्तके तुमच्या पाहण्यात आहेत? दहा? पाच? १९६४ साली जो वीस वर्षांचा होता त्याने आज ऐंशी ओलांडली आहे. आपल्या वस्तीत असा एखादा आजोबा, एखादी आजी असेल. दर पावसाळ्यागणिक त्यांतले काही कमी होत आहेत.

त्यानंतर दलित पँथर. जानेवारी १९७४ च्या वरळी दंगलीत पोलिसांनी राजा ढाले यांना मारहाण करून पकडले. १० जानेवारीला परळच्या मोर्चावर वरून दगडी पाटा टाकला गेला आणि भागवत जाधव शहीद झाले. परळ चिंचपोकळीपासून दोन स्टेशनांवर. ज. वि. पवारांनी पँथरचा इतिहास लिहिला म्हणून त्या काळातल्या अटका, खटले आणि तडीपाऱ्या आज तारीखवार सांगता येतात. नामांतराच्या लढ्यात, २७ जुलै १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत, सोळा वर्षांत किती जण तुरुंगात गेले याची मोजदाद गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या डोक्यात आहे, पुस्तकांत नाही.

इथे आमच्यातलाच कोणी विचारेल, आणि विचारले आहे, की तुरुंगात जाण्याचे एवढे कौतुक आपण का करावे? बाबासाहेबांनी कधी तुरुंगवासाचे भांडवल केले का? प्रश्न रास्त आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी नेमका हाच मुद्दा मांडला होता. सरकारशी लढणाऱ्या देशभक्ताच्या पाठीशी सगळा समाज असतो, त्याला हारतुरे मिळतात. समाजाशी लढणाऱ्या सुधारकाला मात्र कोणीच नसते, त्याला वाळीत टाकले जाते. सरकारपेक्षा समाज माणसावर जास्त जुलूम करू शकतो. मग जास्त धैर्य कोणाचे, असे त्यांनी विचारले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणातही त्यांनी घटनात्मक मार्ग खुले असताना सत्याग्रहासारखे मार्ग सोडून द्यावेत असे बजावले.

मग आम्ही बाबासाहेबांच्या विरुद्ध जात आहोत का? नाही. त्यांचा मुद्दा नीट वाचला तर तो आमच्याच बाजूचा आहे. तुरुंगवास हे मोठेपणाचे प्रमाणपत्र नव्हे, असे ते सांगत होते. मराठी साहित्याने नेमके तेच केले. ज्याच्या मागे समाज होता त्याच्या तुरुंगाला प्रमाणपत्र मानले आणि त्याची पुस्तके जपली. काळारामचा सत्याग्रही सरकारशी आणि समाजाशी एकाच वेळी लढत होता. तो सुटून गावी आला तेव्हा त्याच्या गळ्यात हार नव्हता, उलट गावाने त्याचे पाणी तोडले असेल, काम बंद केले असेल. म्हणून त्याची कहाणी जमवायची ती हुतात्म्यांच्या पूजेसाठी नाही. ती पुरावा आहे. बाबासाहेब प्रत्येक अन्यायाची तारीख, गाव आणि नाव नोंदवून लिहीत. पुराव्याशिवाय बोलायचे नाही आणि पुरावा हरवू द्यायचा नाही, हे आपण त्यांच्याकडूनच शिकलो.

दुसरा आक्षेप असा येतो की सत्याग्रही वेगळे आणि चोर-दरोडेखोर वेगळे, मग साध्या गुन्हेगारांची पुस्तके कशाला? हा आक्षेप आम्हाला अजिबात मान्य नाही. 'गुन्हेगार' हा शब्द या देशात जन्मावरून चिकटवला गेला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आईच्या पोटातले मूलही चोर ठरवले. सोलापूरला तारेच्या कुंपणात या जमातींची वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, पण सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे मागच्या दाराने आले आणि पोलिसांची नजर तीच राहिली. ती नजर काय असते हे लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ने १९८७ साली सांगितले. ते तुरुंगात लिहिलेले पुस्तक नाही, पण आमच्या फळीवर त्याची जागा 'माझी जन्मठेप'च्या बरोबरीची आहे. एकाला जन्मठेपेची शिक्षा झाली होती, दुसऱ्याच्या जमातीला जन्म हीच शिक्षा होती.

आजचे आकडे पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक कैदी होते. त्यांतले ४ लाख ३४ हजारांहून अधिक कच्चे कैदी, म्हणजे दर चारांतल्या तिघांवर गुन्हा सिद्धच झालेला नाही. अनुसूचित जातींचे लोकसंख्येतले प्रमाण २०११ च्या जनगणनेत साडेसोळा टक्क्यांच्या आसपास होते, तुरुंगात मात्र दर पाच कैद्यांमागे एक त्यांचा असतो. आर्थर रोडची अधिकृत क्षमता हजाराच्या आत आहे आणि कैदी कायम तिच्या कितीतरी पट. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही, कागदपत्रे जुळत नाहीत, म्हणून आत पडून राहिलेली मुले आपल्याच चाळींतली, आपल्याच झोपडपट्ट्यांतली आहेत. मुंबईच्या पेपरांना आर्थर रोड आठवतो तो कसाबसाठी नाहीतर एखाद्या सिनेनटासाठी. बाकीचे हजारो कोण आहेत?

तुरुंगाच्या आतही जात सुटत नाही. झाडू आणि संडास कोणाकडे, स्वयंपाक कोणाकडे, हे अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत जातीवरून ठरत होते. पत्रकार सुकन्या शांता यांनी त्याचा शोध घेऊन लिहिले, मग सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितले. संविधान लागू झाल्यावर चौऱ्याहत्तर वर्षांनी! अनुच्छेद १७ ला तुरुंगाची भिंत ओलांडायला एवढा वेळ लागला. त्या निकालाची प्रत आम्ही बांधून संग्रहात ठेवली आहे. एका बाईने लिहिलेल्या लेखांतून ती याचिका उभी राहिली, हे वाचकाला कळायला हवे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत ही फळी थोडी भरू लागली आहे. अरुण फरेरा यांनी नागपूर तुरुंगातल्या वर्षांवर इंग्रजीत लिहिले, ते २०१४ मध्ये आले. सुधा भारद्वाज यांनी येरवड्याच्या फाशी यार्डातून दिसलेल्या बायकांची शब्दचित्रे काढली, ते पुस्तक २०२३ चे. बाबासाहेबांच्या घराण्याचे जावई आणि अभ्यासक आनंद तेलतुंबडे यांना १४ एप्रिल २०२० रोजी, भीमजयंतीच्या दिवशी, शरण जावे लागले आणि ते २६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधान दिनी, सुटले. त्यांच्या तुरुंगातल्या दिवसांचे पुस्तक २०२५ मध्ये आले. रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यात आर्थर रोडमध्ये नऊ वर्षे काढून निर्दोष सुटलेले शिक्षक अब्दुल वाहिद शेख यांचे 'बेगुनाह कैदी' उर्दू-हिंदीत आहे. त्याच खटल्यात शिक्षा झालेल्या उरलेल्या बारा जणांना २०२५ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष ठरवले. वाहिद सरांनी जे आधीच लिहून ठेवले होते ते न्यायालयाच्या कागदावर यायला इतकी वर्षे गेली.

ही पुस्तके मूळ इंग्रजीत आणि उर्दू-हिंदीत आली, हे विसरू नका. ज्यांच्यावर ती आहेत त्यांच्या बहिणी मराठी वाचतात.

पुस्तकाची सत्तेला वाटणारी भीतीही याच काळात उघडी पडली. 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे यांना जानेवारी २०११ मध्ये वर्ध्याला एका आंबेडकर-फुले साहित्य संमेलनाहून परतताना पकडले आणि घरातली पुस्तके पुरावा म्हणून उचलून नेली. चाळीस महिन्यांनी ते निर्दोष सुटले. २०१८ मध्ये एल्गार परिषद प्रकरणात पुन्हा आत गेले, जामीन २०२५ च्या जानेवारीत मिळाला. त्याच प्रकरणातले गौतम नवलखा तळोजा तुरुंगात असताना त्यांच्यासाठी पाठवलेले पी. जी. वुडहाऊस यांचे विनोदी पुस्तक सुरक्षेला धोका म्हणून नाकारले गेले. २०२२ मध्ये उच्च न्यायालयालाच त्याचे हसू आले. ज्या व्यवस्थेला बटलरच्या गमतीजमतींची भीती वाटते, तिला 'जातिप्रथेचे विध्वंसन' वाचणारा कैदी कसा परवडेल?

जगात हेच घडले आहे. ज्या ब्लॅक पँथरवरून आपल्या पँथरने नाव घेतले, तिचा जॉर्ज जॅक्सन कॅलिफोर्नियाच्या तुरुंगात वाचत वाचत लेखक झाला. १९७१ मध्ये तुरुंगात त्याला गोळी घातली गेली तेव्हा त्याच्या कोठडीत ९९ पुस्तके सापडली, आणि ती यादी आजही काळी मुले जपून ठेवतात. केनियाच्या न्गुगी वा थिओंगो यांनी तुरुंगात संडासच्या कागदावर आपल्या मातृभाषेत, गिकुयूत, कादंबरी लिहिली. त्यांच्या लोकांनी ते कागद टाकून दिले नाहीत.

म्हणून हा संग्रह एका खोलीत न राहता वस्तीवस्तीत व्हावा, असे आम्हाला वाटते. आमच्या अनुभवातून काही सूत्रे सांगतो.

पुस्तकाची व्याख्या मोठी करा. ज्यांना छापखाना मिळाला नाही त्यांचे पुस्तक म्हणजे त्यांच्या पेटीतला कागद. समन्स, जामीनपत्र, सुटकेचा दाखला, तुरुंगातून आलेले पोस्टकार्ड, मोर्चाचे पत्रक. मूळ कागद घरच्यांकडेच राहू द्या, स्वच्छ फोटो किंवा झेरॉक्स काढा. तारीख, गाव, कलम, तुरुंग, वर्ग आणि मजुरी एवढ्या गोष्टी वेगळ्या लिहा.

१९६४ च्या सत्याग्रहींना आणि नामांतराच्या कैद्यांना याच वर्षी भेटा. मोबाईलवर आवाज टिपा आणि त्यांच्याच बोलीत लिहून काढा, पुस्तकी मराठीत घोळवू नका. बायकांना वेगळे विचारा, घरातल्या पुरुषासमोर नको. 'तुम्ही आत होतात तेव्हा घर कोणी चालवले?' हा प्रश्न विसरू नका. त्या उत्तरातही तुरुंगाचा इतिहास आहे.

जुनी साप्ताहिके चाळा. 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत'च्या अंकांत सत्याग्रहींच्या बातम्या आहेत. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या सरकारी पुराभिलेखागारात गृहखात्याच्या फायली आहेत. इंग्रज पोलिसाने आपल्या आजोबांवर पाळत ठेवून जे लिहिले, ते आज आपल्या कामाचे आहे.

आणि काळजी घ्या. ज्याचा खटला चालू आहे त्याची कहाणी वकिलाला विचारल्याशिवाय छापू नका. कच्च्या कैद्याचे नाव, पत्ता, फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. आपला उत्साह त्याच्या जामिनाच्या आड येता कामा नये. संमती घ्या, तीही समजावून सांगून.

शेवटी, पुस्तके बाहेर जमवता तशी आत पाठवा. तुरुंग अधीक्षकांच्या परवानगीने ग्रंथालयासाठी पुस्तके देता येतात. दर १४ एप्रिलला आपण डीजेवर जेवढा खर्च करतो त्याच्या दहाव्या हिश्शात एका बराकीला पुरतील एवढी मराठी पुस्तके येतील. नकार आला तर लेखी मागा. तो नकारही संग्रहात ठेवा.

बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले ते पुस्तकांसाठी. आपल्यापाशी तसे घर नसेल, पण वस्तीतल्या बुद्धविहारात एक कपाट नक्की असते. त्यातला एक कप्पा रिकामा करा आणि त्यावर लिहा, 'तुरुंगात गेलेली आपली माणसे'. सुरुवातीला त्यात दोनच पुस्तके असतील. हरकत नाही. त्यांच्या शेजारी एक कोरी वही ठेवा आणि गल्लीतल्या त्या आजोबांकडे, त्या आजीकडे ती घेऊन जा.

जयभीम! नमो बुद्धाय!